पाऊण

मंगळवार ही फॉर्मची शेवटची तारीख.
भुसावळात दुपारी लोखंडी बार हाताला चटका देतो,
म्हणून आम्ही सहाला सुरू करतो.
कुंजल फेगडे साडेपाचलाच पायरीवर,
सावद्याच्या एसटीतून उतरून,
गुडघ्याला कालची खपली.

वय नऊ वर्षं चार महिने.
तिसऱ्या पातळीत लागोपाठ दोनदा पहिली.
नाशिकच्या परीक्षक बाई म्हणाल्या,
हिला अजून खाली का ठेवलंय?
जसं काही मी तिला विहिरीत सोडून
दोर कापलाय.

एकदा मी घाई केली होती.
सुवर्णा कोष्टी, दहाव्या वर्षी सहाव्या पातळीत,
टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.
तेराव्या वर्षी ती जिना उतरताना
कठड्याला धरायची.
आता वरणगावला तिचं मेडिकल आहे.
मी गेले की क्रेप बँडेजवर सूट देते
आणि हसते.
ते हसणं मला नीट वाचता येत नाही.

मग पुढचीला थांबवलं.
नजमा तडवी. थांब, अजून थांब,
पाय सरळ होऊ दे, पंजा ताणला जाऊ दे.
दोन वर्षं तिनं त्याच त्या कोलांट्या मारल्या
आणि एक दिवस कबड्डीला निघून गेली.
राज्यापर्यंत खेळली.
चांगलंच झालं म्हणायचं,
म्हणतेही.

डॉक्टर सरोद्यांनी कुंजलच्या मनगटाचा फोटो
खिडकीच्या उजेडाला धरला.
हाडाच्या टोकाशी बारीक काळी फट.
ही उघडी आहे तोवर वाढ बाकी, भार जपून.
कितवी पातळी ते मात्र
फोटोत दिसत नव्हतं.

रविवारी तिचे वडील आले, भानुदासभाऊ,
स्कूटरच्या पुढ्यात केळ्यांची फणी.
मी आठवडाभर एक वाक्य घासून ठेवलं होतं:
भाऊ, पावडर लावून पिकवलेलं केळं
वरून पिवळं, आत कच्चं.
ते हसले.
मॅडम, झाडावर पिकू दिलेलं केळं
पाह्यलंय का तुम्ही? फाटतं.
त्याच्या आधी वटवाघळं येतात.
आम्ही पाऊण भरलं की कापतो,
शिरा जराशा गोल झाल्या की.
पाऊण कसं ओळखता?
हातानं.
आणि चुकलं तर?
चुकतं ना. दिल्लीहून आख्खी गाडी परत येते.

मग ते बराच वेळ
गादीवर पालथ्या पडलेल्या पोरीकडे बघत बसले.
बागेत पाच हजार खोडं राह्यतात मॅडम,
म्हणाले, ही एकच हाय.
तुम्हीच पाहा.
आणि माझं वाक्य माझ्यापाशी ठेवून
स्कूटरला किक मारून गेले.

शेवटी तिलाच विचारलं.
उलटी लोंबकळत होती, वेणी जमिनीला टेकलेली.
चौथीत बीम उंच असतो ना?
हो.
किती उंच?
तुझ्या डोक्याच्या जवळपास.
मग कूलरच्या वरचं दिसेल, ती म्हणाली,
पारव्यानं अंडी घातलीत तिथं.
खालून नाही दिसत.

फॉर्मवर नाव लिहिलं, जन्मतारीख, रक्तगट.
पातळीच्या चौकोनावर पेन आलं
आणि झाकण लावून ठेवलं. मंगळवार अजून लांब आहे,
परवाच.

आमचा बीम रेल्वे कारखान्यातल्या पगारे फिटरनं बनवलेला.
पायांना चार-चार बोटांवर भोकं.
मी पाना आणला, दोन्हीकडचे बोल्ट काढले,
एक भोक वर घेतलं.
खाली दोन गाद्या, तिसरी ओढत आणली.

ती चढली. पूड झटकली.
एक पाय, दुसरा पाय,
मग चवड्यांवर, मान उंच करून, हात पसरून.
माझे हात तिच्या कमरेपासून वीतभर लांब,
तिथंच राहिले.

नाही दिसत अजून, म्हणाली,
आणि उतरेना.